कातडीवरील संशयास्पद डाग आणि भिंगाची तपासणी

(समाजाच्या म्हसवड येथील वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



विषय नाजूक आहे; परंतु झाकून ठेवल्यानेच त्यात हानी होते, म्हणून आम्ही तो मुद्दाम निवडला. संशयाच्या जागी शस्त्र लागले की रोग चवताळतो, असा समज आपल्या मंडळींत खोल रुजला आहे. त्या भीतीपायी माणूस कमरेवरचा चट्टा वर्षानुवर्षे धोतराखाली दडवितो.

धोतराचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. कमरेशी आवळलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यात आहे. परकराच्या नाडीमुळे स्त्रियांतही असा रोग झाल्याचे पुढे आढळले. आधी कातडीचा रंग पालटतो, ती जाड होते, आणि मग न भरणारा व्रण पडतो.

आता भिंगाविषयी. विहिरीच्या पाण्यावर ऊन चमकत असता तळ दिसत नाही. हाताची सावली धरली की दिसू लागतो. कातडीचेही तसेच आहे. डर्मोस्कोप नावाचे खिशात मावणारे भिंग ही वरची चमक नाहीशी करते आणि आतले रंग व रक्तवाहिन्या सुमारे दहापट मोठ्या दाखविते. ना सुई, ना वेदना.

आपल्या देशात मेलॅनोमा हा काळ्या डागाचा कर्करोग विरळा; पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर होतो, आणि आपण त्यास कुरूप समजून बसतो. तळव्याच्या कातडीवर शेतातल्याप्रमाणे सऱ्या आणि वरंबे असतात. साध्या तिळाचा काळा रंग बहुधा सऱ्यांत दिसतो, मेलॅनोमाचा वरंब्यांवर. हा भेद जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून दाखवून दिला. शेतकऱ्याच्या मुलास तो निराळा समजावून सांगणे नको!

याहून सूक्ष्म असे कॉन्फोकल यंत्र लेसरच्या किरणाने कातडीतील पेशीही दाखविते. मात्र त्याची दृष्टी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच पोहोचते. ते महाग असून मोजक्या ठिकाणीच आढळते.

भिंग पाहणारा डोळा मात्र शिकलेला हवा. अननुभवी माणसाने दिलेला निर्वाळा आम्ही भिंग नसण्यापेक्षाही घातक मानतो. शिवाय जाड झालेल्या कातडीत वा उघड्या व्रणात भिंगाने काळ दवडू नये. तेथे तुकडा काढून तपासणे हेच खरे. त्याने रोग पसरतो या समजुतीस आधार नाही. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात. काळा डाग असल्यास शक्यतो तो संपूर्णच काढतात. एक-दोन टाके पडतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी परततो.