मुलांचें तोंड येणें

यवतमाळकडे उन्हाळ्यांत मुलाचें तोंड आलें कीं ‘उष्णता झाली’ असें म्हणून आई बोटानें तूप लावते आणि विषय संपतो. परंतु ज्या बालकाला कर्करोगावरील औषधें सुरू आहेत, त्याच्या बाबतींत तो तेथें संपत नाहीं.

हीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. रोगाची पेशी कोणती व तोंडाच्या अस्तराची कोणती, हा विवेक त्यांना नाहीं. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन त्याचा वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हांच असे व्रण दिसून आले होते. तें औषध पुरविणाऱ्या लेडरले प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख आपलेच डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच कुळांतील मेथोट्रेक्झेट आजही दिलें जातें.

व्रण साधारणतः औषधानंतर ५ ते १० दिवसांनीं उठतात. वणीचें वा उमरखेडचें मूल नागपूरला, किंवा मुंबईस १९४१ सालीं उघडलेल्या टाटा रुग्णालयांत औषध घेऊन घरीं परततें, तें पुष्कळदां याच सुमारास. डॉक्टर दूर आणि दुखणें माजघरांत! मूल घांस नाकारतें, पुढील मात्रा लांबते. शिवाय पांढऱ्या पेशी घटलेल्या असल्यानें व्रणांतून जंतू रक्तांत शिरले तर प्राणावर बेततें.

म्हणून काळजी व्रणापूर्वींच घ्यावयाची. किडके दांत औषधाआधींच दंतवैद्याला दाखवावे. रोज दोनदां अगदीं मऊ ब्रशानें दांत घासावे. राखुंडी आणि दांतवणाची काडी वर्ज्य. उकळून निवविलेल्या पेलाभर पाण्यांत पाव चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा घालून जेवणानंतर आणि निजतांना गुळण्या कराव्या. गुळणी न जमणाऱ्या तान्ह्याचें तोंड स्वच्छ ओल्या कापडानें हलकेंच पुसावें. मद्यार्क असलेलें बाजारी औषध गुळणीस नको, तें झोंबतें.

कांहीं औषधें शिरेंतून थोड्याच मिनिटांत देतात. त्या वेळीं समजूतदार मुलानें बर्फ चघळल्यास तोंडांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून औषध अस्तरापर्यंत कमी पोहोंचतें. हें डॉक्टरांना विचारूनच करावें. गोळ्याच्या गाडीवरील बर्फ मात्र नको, मुलानें कितीही हट्ट केला तरी.

ठेचा व कडक भाकरी दूर ठेवून ताजा, कोमट, मऊ वरणभात द्यावा. रोज सायंकाळीं विजेरीच्या उजेडांत तोंड पाहावें. ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेल्यास, मध्यरात्र असली तरी, तत्काळ रुग्णालय गांठावें. घरच्या गोळीनें तो झांकून सकाळची वाट पाहूं नये.