कुत्र्याच्या केसांची निगा : आधी फणी, मग पाणी



छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या वाटेला लागले की मुकुंदवाडी येते. एके काळचे हे खेडे आज शहरातच जमा झाले आहे. त्याचे लहानसे रेल्वे स्टेशन मात्र अजून गावाचे नाव सांगत उभे आहे. 2019 सालच्या टंचाईत इथली काही शाळकरी मुले रिकामी भांडी घेऊन आगगाडीने शहराच्या मोठ्या स्टेशनावर जात आणि पाणी भरून परत येत. ही हकिगत तेव्हा देशात आणि देशाबाहेरही छापून आली होती.

जिथे माणसाच्या पाण्याची ही कथा, तिथे कुत्र्याला न्हाऊ घालायचे कुठून, असे कोणी म्हटले तर त्याला काय बोल लावायचा? आणि नेमके तेच मला आज सांगायचे आहे. कुत्र्याचे केस चांगले राखायला पाणी फारसे लागत नाही. लागते ती फणी, आणि रोजची पाच-दहा मिनिटे.

आपला गावठी कुत्रा आखूड केसांचा. लातूरकडचा कारवानी शिकारी कुत्राही तसाच. त्यातल्या पश्मी कुत्र्याच्या कानांना, पायांना आणि शेपटीला तेवढी लांब केसांची झालर असते. या कुत्र्यांच्या अंगावर सहसा गुंता होत नाही. परंतु आता पामेरियन, लासा, गोल्डन रिट्रीव्हर असे दाट केसांचे कुत्रे वाड्या-वस्त्यांवरही दिसू लागले आहेत. हौसेने आणलेले पिल्लू सहा-आठ महिन्यांत अंगाने भरते, केस वाढतात, आणि एक दिवस कानामागे हात घातला तर सुपारीएवढी घट्ट गाठ लागते.

ही गाठ होते कशी? अशा कुत्र्याच्या अंगावर बहुधा दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ. आतली लव मऊ आणि दाट. आतली लव सुटते, पण जमिनीवर न पडता वरच्या केसांत अडकून बसते. तिच्यात धूळ मिसळते, पट्टा घासतो, कुत्रा पायाने खाजवतो, आणि धागे एकमेकांत रुततात. त्यावर पाणी पडले की काम पक्के झाले! लोकर भिजवून मळली की तिचा जाड नमदा होतो हे आपल्याला ठाऊक आहे. कुत्र्याच्या अंगावरही हाच प्रकार घडतो. म्हणून गुंता तसाच ठेवून कुत्र्याला न्हाऊ घातले, तर गुंता सुटत नाही, उलट आवळतो. आधी फणी, मग पाणी. हा क्रम कधी उलटा करू नये.

तुम्ही म्हणाल, असेना का चार गाठी, त्याने काय बिघडते? बरेच बिघडते. गाठ कातडी ओढून धरते. काखेत गाठ असेल तर प्रत्येक पावलागणिक ओढ बसते, आणि मग हात लावताच कुत्रा गुरगुरतो. आपण म्हणतो, कुत्रा तापट झाला. खरे म्हणजे त्याला दुखत असते. गाठीखाली वारा लागत नाही, ओल राहते, कातडी लाल होऊन चिघळते. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, आणि वरून काहीच दिसत नाही. गोचिडांनाही लपायला ही जागा बरी सापडते. आणि गोचिडांमुळे कुत्र्याला जिवावर बेतणारा ताप येऊ शकतो.

आता करायचे काय ते सांगतो. एक विरळ दातांचा कंगवा, एक बारीक दातांची फणी, आणि जमल्यास तारेचा ब्रश एवढे साहित्य पुरे. कुत्र्याला सावलीत बसवावे. केसांची एकेक बट हातात घ्यावी, मुळाशी बोटांनी धरावी म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे यावे. नुसते वरवर विंचरले तर वरचे केस चमकतात आणि आतला गुंता तसाच राहतो. शेवटी बारीक फणी मुळापर्यंत घालून पाहावी. ती न अडकता बाहेर आली की काम झाले.

कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि बोटांच्या बेचक्यांत मुद्दाम पाहावे. लांब केसांचा कुत्रा रोज, मध्यम केसांचा आठवड्यातून दोन-तीनदा आणि आखूड केसांचा एकदा विंचरला तरी चालते. दिवाळीच्या सुमारास रानातले गवत वाळू लागते. तेव्हा कुसळे, आघाडा आणि गोखरू घेऊन कुत्रा घरी येतो. कुसळ कातडीत शिरले की आत आतच सरकते. म्हणून रानातून आल्यावर पंजे आणि कान तपासायलाच हवेत.

लहान गाठ झालीच, तर तिला खोबरेल तेलाचे बोट लावावे, बोटांनी फाकवावी आणि कंगव्याच्या टोकाने थोडी थोडी सोडवावी. नंतर तेल धुऊन काढावे, नाही तर त्यावर धूळ बसते. कात्री मात्र लावू नका. गाठ ओढली की तिच्याबरोबर कातडीही वर येते आणि केसांऐवजी कातडीच कापली जाते. गाठी मोठ्या असतील, वास येत असेल, तर सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तिथे यंत्राने केस काढून देतात. उन्हाळा आला म्हणून दुहेरी केसांच्या कुत्र्याची सरसकट हजामतही करू नये. तेच केस त्याला उन्हापासून राखतात. गोचिडांसाठी रॉकेल किंवा गुराढोरांवरचे औषध कुत्र्याला फासू नका. कुत्रा अंग चाटतो, आणि ते विष त्याच्या पोटात जाते.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. हा धडा वर्गात घेण्याजोगा आहे. मेंढीची थोडी लोकर घ्या. अर्धी कोरडी ठेवा, अर्धी साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून मुलांकडून तळहातांत चोळून घ्या. पंधरा मिनिटांत फरक डोळ्यांना दिसेल. मग मुलांना विचारा, माणसाच्या केसांत जट होते ती कशाने? विंचरणे राहिले, धूळ आणि ओल साचली, की केस तसेच एकमेकांत गुंततात. त्यात देवीचा कोप नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अनेक स्त्रियांची समजूत घालून, त्यांच्या संमतीने जटा कापून दिल्या आहेत. कुत्र्याच्या पाठीवरून निघालेला धडा असा आपल्या घरापर्यंत पोहोचतो.

मुलांना हेही बजावा, की विंचरायचे ते घरच्या, ओळखीच्या, रेबीजची लस टोचलेल्या कुत्र्याला, आणि मोठे माणूस जवळ असताना. कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम ताबडतोब साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे. त्या वेळी पाण्याची काटकसर नको.

खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. आपण तसबिरीला हात जोडतो आणि दारातला कुत्रा गाठींनी वेढलेला असतो, हे काही शोभत नाही. आज संध्याकाळी ओसरीवर बसाल तेव्हा त्याच्या कानामागे एकदा हात घालून पाहा. गाठ लागली तर उद्यावर टाकू नका.