जिभेचे वळण



वार्षिक संमेलनात शिवीवर बोलणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु जी आपल्या घरांतून उठता-बसता वावरते, तिच्याविषयी एकदा उघड बोलणे प्राप्त आहे.

आपले पूर्वज शिव्या देत नसत, असे आमचे म्हणणे नाही. शिमगा सर्वश्रुतच आहे. सातारा जिल्ह्यातील सुखेड व बोरी या गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून परस्परांस शिव्यांची लाखोली वाहतात. त्यास बोरीचा बार म्हणतात. तेथे शिवीला दिवस नेमलेला, जागा नेमलेली. आमची तक्रार आहे ती तिथी-वार न पाहता येणाऱ्या शिवीची. कंडक्टरजवळ सुटे पैसे नसोत वा जुना मित्र भेटो, तोंडी तीच. आणि तीही बहुधा आई-बहिणीवरची! भांडण दोन पुरुषांचे, अब्रू निघते तेथे नसलेल्या बाईची. अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावच्या ग्रामसभेने २०२४ साली अशा शिवीस ५०० रुपये दंडाचा ठराव केला. ठराव स्तुत्य खराच. तथापि दंडाचा धाक चव्हाट्यावर, माजघरात तो कसा पोहोचणार?

शपथही फारशी टिकत नाही, कारण सवयीची शिवी विचारपूर्वक दिलेली नसते. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही रुग्णांस 'पाणी' म्हणता येत नाही, पण शिवी स्वच्छ उच्चारता येते, इतकी ती खोल रुजलेली असते. अझ्रिन व नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली अंगवळणी पडलेल्या सवयी मोडण्याची एक रीत मांडली. सवय उफाळण्याआधीची खूण ओळखावी आणि त्याच क्षणी तिच्या आड येणारी दुसरी कृती करावी, असे तिचे सार आहे.

आमचा एक माजी विद्यार्थी मालमोटार चालवतो. त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने हातून बाहुली पडताच तिला बापाचीच शिवी हासडली. गडी हादरला. शिवीपूर्वी आपले दात आवळले जातात, हे त्याच्या ध्यानी आले. तेव्हा ओठ मिटून लांब श्वास सोडण्याचा परिपाठ त्याने ठेवला. चुकेल तेव्हा पत्नीने वहीत त्याच्या नावापुढे रेघ ओढावी, असे ठरले. पहिल्या आठवड्यास पान पुरले नाही. रागाच्या शिव्या त्यामानाने लवकर आटल्या. सलगीच्या मात्र हटेनात, कारण धाब्यावर शिवीवाचून बोलणारा परका ठरतो. "बुवा झालास काय?" म्हणून सोबत्यांनी त्याला पुष्कळ छळले. चार महिन्यांनी रेघा तुरळक झाल्या.

मुलगी आता शाळेत जाते. बाहुली पडली की तो शब्द तिच्या तोंडून अजून क्वचित निघतो. बाप तेव्हा तिला रागावत नाही. वही काढून आपल्याच नावापुढे रेघ ओढतो.