देहबोली : रुग्णशय्येपाशी आणि कामाच्या जागी



आम्ही परिचारिका म्हणजे गणवेशात उभे आयुष्य घालविलेल्या स्त्रिया. आम्हास व्याख्यान देण्याची सवय नाही, ऐकण्याची मात्र आहे. आणि रुग्ण जे तोंडाने सांगत नाही ते ऐकण्याची अधिक. म्हणून आज देहबोली या विषयावर चार शब्द सांगण्याचे धाडस करीत आहोत.

या विषयाला निमित्त आयर्लंडचे. सन २००० च्या सुमारापासून त्या देशाने भारत व फिलिपिन्समधून परिचारिकांची मोठी भरती केली. केरळच्या मुली त्यात आघाडीवर आहेत, पण आपल्याकडच्याही जातात. तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी बोर्डाकडे नोंदणी, कागदपत्रे, इंग्रजीची परीक्षा, या सर्वांची तयारी होते. नजरेची आणि मान हलविण्याची परीक्षा मात्र कोणी घेत नाही. आणि वॉर्डात पहिल्याच दिवशी तीच द्यावी लागते.

आमच्या व्यवसायात देहबोलीला रीतसर गुण आहेत. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी शुद्धी मोजण्याचे जे कोष्टक दिले, त्याच्या आजच्या रूपात डोळ्यांना ४, बोलण्याला ५ आणि हातापायांच्या हालचालीला ६ असे एकूण १५ गुण आहेत. म्हणजे १५ पैकी १० गुणांना शब्दांची गरज नाही. ज्या बाळाला बोलता येत नाही, त्याच्या वेदनेसाठी १९९७ पासून फ्लॅक नावाचे कोष्टक आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे, प्रत्येकाला ० ते २ गुण. आयांना जे पिढ्यान्‌पिढ्या कळत आले, तेच येथे तक्त्यावर आले.

येथे एक सावधगिरी हवी. संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांविना असतो, असे व्यवस्थापनाच्या वर्गांत नेहमी सांगतात. त्याचे मूळ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांत आहे. ते प्रयोग आवड-नावड अशा भावनांपुरते होते. शब्द एक सांगतात आणि सूर व चेहरा दुसरेच, तेव्हा ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढाच तो प्रश्न होता. औषधाची मात्रा भुवया उंचावून सांगता येत नाही, हे आम्हास पक्के ठाऊक आहे. खूण दिसली की विचारावे, आणि उत्तर मिळाले की लिहावे.

ही खूण वाचली नाही तर काय होते, याचे दुःखद उदाहरण आयर्लंडमध्येच घडले, आणि ते आपल्या सीमाभागातल्या लेकीचे आहे. सविता हलप्पनवार या मूळच्या बेळगावच्या, ३१ वर्षांच्या दंतवैद्य. सतराव्या आठवड्यात गर्भपात अटळ ठरल्याने २१ ऑक्टोबर २०१२ रोजी त्या गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाल्या आणि २८ ऑक्टोबरला जंतुदोष रक्तात भिनून त्यांचे निधन झाले. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपाताची त्यांची विनंती मान्य झाली नाही. तो कायद्याचा प्रश्न होता, आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात तेथील जनतेने घटनेतील ती तरतूद रद्द करण्यास कौल दिला. पण चौकशांनी आम्हा परिचारिकांसमोर दुसराही प्रश्न ठेवला. २४ ऑक्टोबरच्या पहाटे त्यांना हुडहुडी भरली होती, दात वाजत होते. पांघरूण व पॅरासिटामॉल दिले गेले. सकाळी डॉक्टर आले तेव्हा ताप चढलेला होता आणि नाडी १६० वर गेली होती. दाखल झाल्या दिवशीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, त्याचाही पाठपुरावा झाला नव्हता. २०१३ मधील सरकारी आरोग्य-गुणवत्ता प्राधिकरणाच्या अहवालाने हातून निसटलेल्या १३ संधी मोजून दाखविल्या.

भगिनींनो, वाजणारे दात हे बोलणेच आहे. पांघरूण घालणे ही माया झाली; नाडी, ताप, श्वास व रक्तदाब मोजून वरिष्ठांना तत्काळ कळविणे ही शुश्रूषा झाली. २०१४ साली आयर्लंडने जंतुदोषाविषयी आणि प्रसूती विभागात पाळी बदलताना रुग्णाची माहिती कशी सोपवावी याविषयी राष्ट्रीय मार्गदर्शिका काढल्या. मी कोण, रुग्ण कोण, आता काय झाले, आधीचा इतिहास काय, माझा अंदाज काय आणि आपण काय करावे, या क्रमाने ठरलेल्या शब्दांत सांगण्याची पद्धत त्यात आहे. शरीराने दिलेली खूण शब्दांत नेऊन पोहोचविणे, हाच तिचा हेतू.

आता रोजच्या वागण्याकडे येऊ. आपली मान डावी-उजवीकडे डोलते तेव्हा तिचा अर्थ होय, समजले, बघते, यांपैकी काहीही असतो. घरी तो कळतो, परदेशी डॉक्टरला कळत नाही. "औषध दिले का?" या प्रश्नाला मान डोलवू नये, "होय, दहा वाजता दिले," असे म्हणावे. वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे ही आपली मर्यादा, पण तेथे तो आत्मविश्वासाचा अभाव वाटू शकतो. उलट आयरिश म्हाताऱ्यांचेही आपल्याकडच्या आजी-आजोबांसारखेच. वेदना असली तरी "आय ॲम ग्रँड", म्हणजे आमचे "बरे आहे". मूठ चादरीत आवळलेली असेल तर त्या बरेपणावर विश्वास ठेवू नये, पुन्हा विचारावे.

त्या देशाची स्वतःची देहबोलीही मोठी लोभस आहे. खेड्यातल्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की चालक स्टिअरिंगवरचे एक बोट उचलतो. तो झाला नमस्कार. कोणाकडे मयत झाले की ओळखीचे लोक रांगेने येऊन घरच्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करतात. २०२० च्या कोविड साथीत अंत्यविधीस मोजक्याच माणसांना परवानगी राहिली, तेव्हा गावकरी रस्त्याच्या कडेला अंतर राखून उभे राहिले आणि शववाहिका जाईपर्यंत माना झुकवून राहिले. हात हातात घेता येईना, तर नुसते उभे राहणे हेच सांत्वन झाले.

हे आपल्याला परके वाटू नये. प्रार्थना संपल्यावर आपण एकमेकांचे हात स्पर्शून बोटे ओठांना लावतो. त्या क्षणी कोण रागावले आहे, कोणाचा हात थरथरतो, कोणाच्या घरी काही दुःख आहे, हे समजते. पण समजणे पुरेसे नाही. थरथरणारा हात हाती आला तर बाहेर पडताना थांबून विचारावे, "मावशी, औषध चालू आहे ना?" आमच्या व्यवसायाने आम्हास एवढेच शिकविले की पाहावे, विचारावे, सांगावे आणि लिहून ठेवावे.