जहाज पोचलं कधी?



आपल्या ब्रोकर मंडळींच्या या अध्यक्षपदावर मला बसवलंत. माझ्याहून लायक माणसं सभागृहात आहेत, आणि त्यांतल्या दोघांनी मला तसं सकाळीच ऐकवलंय. संयोजकांनी विषय दिलाय 'जहाजदलालीची मूलतत्त्वं'. ती सांगून टाकतो. एकाकडे माल असतो, दुसऱ्याकडे जहाज असतं, त्यांची गाठ आपण घालून देतो. टनामागे भाडं ठरवून एका फेरीसाठी जहाज घेतलं की व्हॉयेज चार्टर. रोजाच्या दरानं मुदतीवर घेतलं की टाइम चार्टर, त्यात इंधन आणि बंदराचा खर्च चार्टररच्या, म्हणजे जहाज घेणाऱ्याच्या डोक्यावर. नुसतं जहाज घेऊन खलाशी आपले चढवले की बेअरबोट. भाड्यावर ओनरकडून आपल्याला बहुधा सव्वा टक्का मिळतो. जहाजभाड्याचा बाजार म्हणजे लंडनचं बाल्टिक एक्स्चेंज, त्याची मुळं १७४४ सालच्या कॉफी हाऊसमध्ये आहेत, २०१६ साली सिंगापूरच्या शेअरबाजारानं ते एक्स्चेंज विकत घेतलं. बाल्टिकचा ड्राय इंडेक्स, म्हणजे सुक्या मालाच्या भाड्याचा निर्देशांक, २००८ च्या मे महिन्यात ११,७९३ वर होता, डिसेंबरात सातशेच्याही खाली आला. २०२५ साली संसदेनं नौवहनाचे नवे कायदे केले, त्यावर दुपारी वकील मंडळी बोलणार आहेत. झाली मूलतत्त्वं.

आता बरीच वर्षं पोटात ठेवलेलं बोलतो. आपण चार्टर पार्टी, म्हणजे जहाज घेण्याचा करार, वाचत नाही. भाड्यासाठी रात्री दोन वाजेपर्यंत घासाघीस करतो, आणि ले-टाइमचं, म्हणजे माल चढवा-उतरवायला दिलेल्या वेळेचं कलम आलं की 'मागच्यासारखं' असं लिहून मोकळे होतो. मागचं कुठलं? दुसऱ्या बंदराचं, दुसऱ्या मालाचं, आणि कधी कधी दुसऱ्याच ब्रोकरनं घाईत उतरवलेलं!

हिशेब करा. पन्नास हजार टन मालावर टनामागे दहा सेंट म्हणजे पाच हजार डॉलर. तेवढ्यासाठी आपण दोन दिवस फोन सोडत नाही. डेमरेज, म्हणजे ले-टाइम उलटल्यावरचा दंड, रोजचा पंधरा हजार डॉलर असेल, तर तेच पाच हजार आठ तासांत जातात. आठ तास! जहाज नांगर टाकून उभं, आणि वेळ कुणाच्या खात्यात चाललाय हे ओनर-चार्टरर दोघांनाही ठाऊक नाही, कारण आपण ते लिहूनच दिलेलं नाही.

सकाळच्या परिसंवादात तरुण मंडळींचा वाद रंगला. स्क्रीनवर जहाज आणि माल आपोआप जुळले की ब्रोकर लागणार कशाला? एक बाजू म्हणाली ब्रोकर संपला, दुसरी म्हणाली माणसाच्या नात्याला पर्याय नाही. नात्यागोत्याचं मला फारसं कौतुक नाही. मुरगावची गोष्ट सांगतो, मग ठरवा.

खनिजाचं जहाज होतं, चार्टर पार्टीचा छापील फॉर्म जेन्कॉनचा, रविवारही मोजायचा असं ठरलेलं. त्यात 'जहाज तयार आहे' ही नोटीस दुपारी बारापर्यंत दिली तर ले-टाइम एक वाजता सुरू व्हायचा. बारानंतर कचेरीच्या वेळेत दिली तर पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी सहाला. वार शनिवार. एजंटचा पोरगा पावणेबाराला कप्तानाची नोटीस घेऊन चार्टररच्या कचेरीत उभा. कारकुनानं कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बस जरा, साहेब फोनवर आहेत." पोरगा बाकावर बसला. शिक्का उमटला बारा वाजून वीस मिनिटांनी, वेळ शाईच्या पेनानं ठळक घातलेली. शनिवार दुपारी एक ते सोमवार सकाळी सहा, एक्केचाळीस तास त्या शिक्क्यानं गिळले. डेमरेज बारा हजार होतं, म्हणजे तासाला पाचशे. करा गुणाकार.

ते पैसे वाचले, कारण फिक्स्चरच्या, म्हणजे सौदा पक्का करायच्या वेळी मी एक ओळ हट्टानं घालून घेतली होती: नोटीस टेलेक्सनंही चालेल, आणि टेलेक्स गेल्याची वेळ तीच नोटिशीची वेळ. टेलेक्स अकरा चाळीसला गेला होता. चार्टररनं महिनाभर पत्रापत्री केली आणि मुकाट्यानं हिशेब मान्य केला. ती ओळ स्क्रीननं घातली असती का? घातली असती, कुणी सांगितलं असतं तर. आणि नात्यानं? त्या चार्टररशी माझे संबंध उत्तम होते. शिक्का तरी बारा वीसचाच पडला.

मोठ्या लोकांचंही असंच होतं. 'मराठा एन्व्हॉय' हे नाव इथल्या तरुणांपैकी किती जणांनी ऐकलंय? आपलं नाव मिरवणारं हे जहाज धान्य घेऊन जर्मनीत वेझर नदीवरच्या ब्राके बंदराकडे गेलं. धक्क्याला जागा नव्हती, म्हणून वेझर लाइटशिपपाशी थांबलं. ती जागा बंदराच्या हद्दीबाहेर, तिथून नोटीस चालेना. मग जहाज नदीतून ब्राकेपर्यंत नेलं, वळवलं, नोटीस दिली आणि परत लाइटशिपपाशी आणून उभं केलं. केवढा खटाटोप! १९७७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला की जहाज पोचलेलंच नव्हतं. 'बंदराच्या हद्दीत असो वा नसो' एवढं नोटिशीच्या कलमात असतं, तर ती नदीतली फेरी करायची वेळच आली नसती.

हे परदेशाचं झालं म्हणू नका. हल्दियाची जहाजं सँडहेड्सला थांबतात, बंदर तिथून कितीतरी आत नदीत. कांडल्याला आऊटर टूना बॉयपाशी थांबतात. गोव्यात पावसाळ्यात आग्वादचा बार, म्हणजे मांडवीच्या तोंडाचा वाळूचा दांडा, वाहतुकीला बंद झाला की मांडवीतल्या बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत येतात, आणि तोवर जहाज ताटकळतं. खराब हवेचे तास वजा, एवढंच आपण लिहितो. पण कुठली हवा? जहाजापाशी ऊन पडलंय आणि बार्ज बारापाशी अडकलीय, तर ते तास कुणाचे? जहाजाच्या लॉगबुकात 'होल्ड उघडे, पाऊस नाही' आणि एजंटच्या स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्समध्ये 'पावसामुळे काम बंद', असे एकाच तासाचे दोन कागद मी पाहिलेत. दोन्हींवर कप्तानाची सही!

आणखी एक, जरा अडचणीचं. आपल्याला डेमरेजवरही कमिशन मिळतं, म्हणून खोळंबा झाला की ब्रोकर खूश, असं लोक बोलतात. मला राग येतो. पण ज्यानं कलम न वाचता पाठवलं, त्यानं रागावू नये.

अध्यक्ष म्हणून कार्यक्रम काय, असं आपले सचिव विचारत होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत जहाज कुठं थांबतं, हद्द कुठं संपते, नोटीस कुठून चालते याची एक पुस्तिका निघावी. मराठीत निघावी, कारण चार्टररच्या त्या बाकावर बसणारी एजंटची पोरं मराठी आणि कोंकणी बोलतात. कोण लिहील, पैसे कुठून येतील, ते नव्या कार्यकारिणीनं पाहावं. बॅलार्ड इस्टेटमध्ये महिन्यातून एकदा ले-टाइमचा वर्ग भरवावा असंही मनात आहे. जागा मिळाली तर मी शिकवीन.

तोवर एवढं करा. वादात हरलेली ले-टाइमची स्टेटमेंटं सचिवांकडे द्या. कंपन्यांची नावं खोडा, तारखा आणि वेळा मात्र खोडू नका.