गावाकडचे कॉलेज आणि शहराची फूटपट्टी

(कारंजा (घाडगे) येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



करंजा म्हटले की मुंबईच्या माणसाला उरणजवळचे, समुद्रकाठचे करंजा आठवते. अकोला-वाशिमकडच्या माणसाला लाडांचे कारंजा आठवते. आपल्या गावाला ओळख पटवण्यासाठी कंसात 'घाडगे' लिहावे लागते. त्यात रागावण्यासारखे काही नाही. एका नावाची गावे असतात. पण असाच एक कंस आपल्या पोरांच्या शिक्षणालाही लागतो. बी. एस्सी. कृषी, कंसात अकोला. इंजिनियर, कंसात विदर्भातला. हा कंस वाचला की समोरच्या साहेबाचा चेहरा बदलतो. त्या कंसाबद्दल आज बोलायचे आहे.

मी अकोल्याचा पदवीधर. पदवी झाल्यावर पुण्याच्या एका बियाणे कंपनीत मुलाखतीला गेलो. काळ्या जमिनीबद्दल विचारले, कपाशीच्या किडींबद्दल विचारले, उत्तरे दिली. शेवटी साहेब म्हणाले, "अकोला का? राहुरीला नंबर लागला नाही का?" मी म्हटले, "साहेब, आमची शेती कोरडवाहू, जमीन काळी, पीक कपाशी. ते शिकायला अकोल्याला गेलो." साहेब हसले आणि म्हणाले, "भाषा जरा सुधारावी लागेल." बोलण्याच्या ओघात मी 'पाऊस येऊन राहिला' म्हटले होते, ते त्यांना खटकले. ती नोकरी मला मिळाली नाही. बरेच झाले, नाहीतर आज तुमच्यासमोर उभा नसतो.

माझे जाऊ द्या. पण त्या प्रश्नात जे गृहीत धरले होते ते नीट पाहा. आतल्या मुलखातल्या कॉलेजात माणूस जातो तो दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून. तिथे कोणी मुद्दाम, विचार करून, शिकायला जाईल, हे त्या साहेबांच्या कल्पनेतच नव्हते.

ही वागणूक कागदावर कधीच मान्य नव्हती

१९५३ च्या २८ सप्टेंबरला नागपूर करार झाला. त्यात विदर्भाच्या मुलांना तांत्रिक आणि धंदेशिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतील असे लिहिले आहे. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राला तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी न्याय्य रीतीने मिळाव्यात अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात काय झाले? १९८४ साली दांडेकर समितीचा अहवाल आला आणि अनुशेष हा शब्द घरोघर पोचला. १९९४ साली विकास मंडळे आली, २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासाठी वऱ्हाडातल्या लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ १९६८ साली राहुरीला झाले, त्यानंतर १९६९ च्या ऑक्टोबरात अकोल्याचे.

म्हणजे तक्रार खोटी नाही. पण अनुशेषाच्या तक्त्यावर भाषण करायला मी आलो नाही. इमारती आणि जागा मोजता येतात. माणसाच्या डोक्यातली पायरी कोणत्या समितीने मोजायची?

ही पायरी खालपर्यंत जाते

ही पायरी पुण्यात सुरू होते आणि पुण्यातच संपते, असे समजू नका. मुंबईवाला पुण्याला हसतो, पुणेकर नागपूरला, नागपूरकर वर्ध्याला, आणि वर्ध्याचा माणूस कारंजा-आष्टीच्या पोराला विचारतो, "काहून बाप्पा, तुमच्याकडं कालेज आहे का?" ज्याला वरून लाथ बसते तो खाली कोणी सापडतो का ते पाहतो.

सगळ्यात खालच्या पायरीवर कोण असतो ते सांगतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, शेती दीड एकर. धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, वर्षामागून वर्षे पेरून त्यांनी १९८० च्या दशकात बारीक तांदळाचा वाण तयार केला. तेव्हा घड्याळांत एचएमटीचे नाव होते, तेच नाव वाणाला पडले. पुढे आमच्याच कृषी विद्यापीठाने ते बियाणे नेले आणि १९९८ साली 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केला. मूळ काम माझे, हे सांगण्यात दादाजींची पुढची कितीतरी वर्षे गेली. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला, २०१८ साली ते गेले. अकोल्याचे नाव ऐकून पुण्याचा साहेब हसला, याचा मला राग येतो. मग तिसरी शिकलेल्या माणसाचे संशोधन मानायला अकोल्यातल्या पदवीधरांना इतका वेळ का लागला, हाही प्रश्न मी विचारलाच पाहिजे. रोग एकच आहे. माणसाने काय केले ते न पाहता तो कोठून आला ते पाहायचे.

गायींचे कॉलेज

अमेरिकेतही हेच चालते. तिथे दोन्ही समुद्रकिनाऱ्यांवर जुनी, नामांकित विद्यापीठे आहेत. मधल्या मक्याच्या मुलखात १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या पैशावर शेतीची आणि यंत्रविद्येची कॉलेजे निघाली. शहरी लोक त्यांना 'गायींचे कॉलेज' म्हणून चिडवत. आपली कृषी विद्यापीठे त्याच नमुन्यावर उभी राहिली, पहिले १९६० साली पंतनगरला.

अशाच एका कॉलेजात, आयोवा राज्यात, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकला. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे तो मराठी घरांत नातेवाइकासारखा झाला आहे. गुलामीत जन्मलेला हा काळा मुलगा १८९६ साली तिथून एम. एस. होऊन दक्षिणेत टस्कीगीला गेला. कपाशीवर कपाशी घेऊन तिथली जमीन थकली होती. भुईमूग लावा, चवळी लावा, जमिनीला उसंत द्या, असे तो गावोगाव गाडी नेऊन सांगत फिरला. नामांकित विद्यापीठे तिथे तेव्हाही होती. पण थकलेल्या कपाशीच्या जमिनीचा प्रश्न घेऊन गावात पोचला तो गायींच्या कॉलेजात शिकलेला माणूस.

इतक्या लांब कशाला? सोयाबीनचे तीनशे पस्तीस तुम्ही सगळ्यांनी पेरले आहे. जे. एस. ३३५ मधला 'जे' म्हणजे जवाहर, जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. समुद्रापासून शेकडो कोस दूर. १९९४ साली तो वाण आला आणि विदर्भाच्या शिवारात भरून गेला. पिशवी विकत घेताना हे कोणत्या गावच्या विद्यापीठाचे, असे तुमच्यापैकी एकाने तरी विचारले का? उगवण पाहिली, शेंगा पाहिल्या, उतार पाहिला. बियाण्याला जी फूटपट्टी लावली, ती कॉलेजला का लावत नाही?

वर्ध्याकडे लोक येत होते

आपल्या जिल्ह्याचा इतिहास तर उलट्या दिशेचा आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना साऱ्या देशापुढे गेली. जे. सी. कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनीस झालेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. ते येऊन मगनवाडीत राहिले आणि तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशी यांवर प्रयोग करत बसले. १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले, खेड्यासाठी डॉक्टर घडवायचे म्हणून. तिथे देशभरातून मुले येतात आणि पहिल्याच वर्षी एका गावात मुक्कामाला राहून घरोघर जातात. खेड्यात कॉलेज आहे म्हणून ते कमी दर्जाचे, असे सेवाग्रामबद्दल कोणी म्हणत नाही. कारण खेडे हाच तिथल्या अभ्यासाचा विषय आहे.

पापळच्या शेतकऱ्याच्या घरातले पंजाबराव देशमुख विलायतेत शिकून बॅरिस्टर झाले. त्यांना मुंबईत राहता आले असते. त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा-कॉलेजे उभी केली. पुढे दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते.

आता आपल्या घरात पाहू

आपल्या तालुक्यातल्या एका घरचे सांगतो, नाव सांगत नाही. संत्र्याची बाग, दोन भाऊ. धाकट्याला बारावीला बरे मार्क पडले. जवळच्या चांगल्या कॉलेजात त्याला जागा मिळत होती. पण घरी ठरले की पोरगा पुण्यालाच गेला पाहिजे, नाहीतर लग्नाच्या बाजारात काय सांगणार? पुण्याबाहेर पंधरा-वीस किलोमीटरवर, माळरानावर काढलेल्या एका खासगी कॉलेजात डोनेशन भरले. अर्धी बाग गहाण पडली. त्या कॉलेजात यंत्रे होती की नाही, शिकवायला माणसे होती की नाही, हे कोणी पाहिले नाही. पत्त्यात पुणे होते, तेवढे पुरले. आज पोरगा तिथेच खोली करून राहतो, नोकरी धरतो आणि सोडतो. थोरला भाऊ हप्ते फेडून राहिला आहे.

पुण्याच्या साहेबाला मी दोष दिला. पण त्याची फूटपट्टी आपण आपल्या ओसरीवर आणून टांगली आहे.

कोणी म्हणेल, आपली कॉलेजे खरोखरच कमी पडतात, त्याचे काय? बरोबर आहे. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. प्रयोगशाळेला कुलूप आहे. तासावर काम करणारा मास्तर महिन्याचा खर्च भागवू शकत नाही. कायम नोकरीतला दुपारच्या गाडीने नागपूरला निघून जातो. हे सगळे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण हे असे का चालते? ज्यांच्या बोलण्याला वजन आहे, त्यांची पोरे तिथे नाहीत म्हणून. आमदारांची नाहीत, डॉक्टर-वकिलांची नाहीत, आता बागाईतदारांचीही नाहीत. उरली ती मजुराची, कोरडवाहूची पोरे आणि मुली. त्यांच्या वतीने प्राचार्याला जाऊन जाब कोण विचारणार? जिल्हा परिषदेच्या शाळेचे हेच झाले, एसटीचे हेच झाले. ऐपतवाला बाहेर पडतो, मग ती सोय ढासळते, आणि ती ढासळली हे बाहेर पडण्याचे कारण म्हणून सांगितले जाते.

यात सर्वात जास्त भरडल्या जातात त्या मुली. मुलासाठी बाग गहाण पडते, मुलीसाठी पडत नाही. जवळचे कॉलेज चांगले असेल तर मुलगी शिकते, ते बंद पडले की तिचे शिक्षण संपते. म्हणून जवळच्या कॉलेजची पत वाचवणे हा मुख्यतः मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.

काय करायचे?

पुण्या-मुंबईला जाऊ नका असे मी म्हणत नाही. ज्याला समुद्री मासळीचे शास्त्र शिकायचे आहे, त्याने समुद्राकाठी जावेच. जो विषय जिथे चांगला शिकवतात तिथे माणसाने जावे. फक्त गावाचे नाव विकत घेण्यासाठी शेत गहाण टाकू नका. प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी पाहा: विषय शिकवणारी कायम माणसे किती, हाताने काम करायला मिळते का, आणि मागच्या तीन वर्षांची पोरे आज काय करतात.

दुसरे काम कार्यकर्त्यांचे. जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजकडून मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रयोगशाळा वर्षात किती दिवस उघडली, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. २००५ चा कायदा आहे, अर्ज साध्या कागदावर होतो. उत्तर आले की ते पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. ज्याचे पोरगे त्या कॉलेजात नाही त्यानेही अर्ज करावा, कारण करातून ते आपणच चालवतो.

तिसरे काम मला सर्वात मोलाचे वाटते. कॉलेजकडे आपले प्रश्न घेऊन जा. आंबिया बहाराची फळगळ का थांबत नाही? डिंक्याने झाडे बसतात, मग जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमे आपल्या जमिनीत कशी चालतील? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, आपल्या गावात फरदड कोण ठेवतो, कोण नाही, याची नोंद कोणी केली आहे का? गवळाऊ गाय ही आपल्या आर्वी-आष्टी-कारंजा पट्ट्याची. हेटीकुंडीचे पशुपैदास केंद्र आपल्याच तालुक्यात आहे. ती गाय आपल्या गोठ्यांतून का जाऊन राहिली आहे, यावर आपल्या मुलांनी अभ्यास करावा. हा अभ्यास पुण्याच्या मुलाला करता येणार नाही. त्याला इथे येऊन, गवळ्याच्या घरी बसून, आपली भाषा शिकावी लागेल.

भाषेचे निघालेच आहे तर मुलांना सांगतो. मुलाखतीला गेल्यावर समोरच्याला समजेल असे बोला, पण वऱ्हाडी बोलीबद्दल माफी मागू नका. 'येऊन राहिला' म्हटल्याने पाऊस थांबत नाही आणि ज्ञान कमी होत नाही.

आजच्या बैठकीपुढे ठराव एवढाच ठेवतो. येत्या हंगामाआधी प्रत्येक गावाने आपल्या शेतीचे पाच प्रश्न लिहून काढावेत आणि जवळच्या कॉलेजला नेऊन द्यावेत. लेखी उत्तर मागावे. उत्तर आले तर ते कॉलेज आपले, त्याच्या पाठीशी उभे राहू. उत्तर आले नाही तर फाटकासमोर जाऊन बसू, आणि उत्तर देणारी माणसे नेमली जाईपर्यंत उठायचे नाही. ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करावेत.