दारव्ह्याच्या गाठी, ओसाकाची खोली



गॅदरिंगमध्ये पाहुण्यांचं भाषण म्हणजे डान्स आणि बक्षिसं यांच्या मधली अडचण. मला ते पक्कं ठाऊक आहे, कारण मागच्या रांगेतून शिट्ट्या मारणाऱ्यांत मीही होतो. सरांनी निरोप दिला, ‘जपान कसं वाटलं तेवढं सांगा, उपदेश नको.’ तसंच करतो.

पाठीवर एक सॅक घेऊन मी ओसाकाला उतरलो. समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर तिथला विमानतळ आहे, 1994 पासूनचा. बाहेर पडून नानकाई कंपनीची लोकल पकडली आणि मोटरमनच्या केबिनमागच्या काचेला नाक लावून उभा राहिलो. पांढरे हातमोजे घातलेला तो माणूस सिग्नल आला की त्याच्याकडं बोट करायचा आणि मोठ्यानं काहीतरी म्हणायचा. केबिनमध्ये तर दुसरं कोणीच नाही! वाटलं, गडी सटकलेला दिसतो. मग कळलं, ती पद्धतच आहे. डोळ्यांनी बघायचं, बोटानं दाखवायचं, तोंडानं बोलायचं. म्हणजे सवयीनं काम करताना नजर चुकत नाही. एवढं करूनही गाडीला उशीर झालाच, तर स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो आणि तो शाळेत, ऑफिसात चालतो. आपल्या एसटीनं असे दाखले वाटायला सुरुवात केली, तर प्राचार्य सर, पहिला तास कायमचा रद्द करावा लागेल.

सरकत्या जिन्यावर टोकियोत लोक डावीकडं उभे राहतात, ओसाकात उजवीकडं. दोन्ही गावांना आपलीच बाजू बरोबर वाटते. पुणं आणि नागपूर समजा. जेवणाचं विचारू नका. भाजीच्या सूपमध्येही मासळीचा अर्क निघतो, तेव्हा माळकरी असाल तर चिवडा सोबत न्या. संध्याकाळी दोतोनबोरीच्या कालव्यावर गेलो. तिथं धावणाऱ्या माणसाची ती प्रसिद्ध दिव्यांची जाहिरात आहे. सगळे तिच्यासमोर हात वर करून फोटो काढत होते. मीही काढला.

खरं ओसाका भेटलं ते राहायच्या जागी. शिन-इमामिया स्टेशनजवळ कामागासाकी नावाची वस्ती आहे. स्वस्तात राहायचं म्हणून सॅकवाले सगळे तिथंच जातात. माझी खोली तीन चटयांची होती. तिथं खोली चटयांवर मोजतात, आणि एक चटई साधारण सहा फूट बाय तीन फूट. मी आडवा झालो की सॅक दाराशी. या खोल्या आमच्यासारख्यांसाठी बांधलेल्याच नव्हत्या. त्या रोजंदारीच्या मजुरांच्या. 1970 साली ओसाकात जागतिक प्रदर्शन भरलं, 6 कोटींवर लोक आले. त्याआधीच्या बांधकामांसाठी देशभरातून माणसं इथं येऊन राहिली. पुढं काम आटलं, माणसं म्हातारी झाली आणि रिकाम्या खोल्यांत आम्ही आलो. सकाळी खिडकीतून पाहिलं तर एक आजोबा सायकल ढकलत चालले होते. दोन्ही बाजूंना चेपलेल्या डब्यांची पोती, त्यांच्या उंचीची. स्टेशनच्या पलीकडं 2022 मध्ये झकपक हॉटेल उघडलंय. दोन्ही एकाच खिडकीतून दिसतात. जपानचं कौतुक सांगणारे आपले लोक ही खिडकी का गाळतात, मला कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या दारव्ह्याचा याच्याशी काय संबंध? एटीएममधून मी 10 हजार येनची नोट काढली. जुलै 2024 पासून या नोटेवर एइची शिबुसावा या उद्योजकाचं चित्र आहे. त्याच्याच पुढाकारानं ओसाकात सूतगिरणी उभी राहिली. ती 1883 मध्ये सुरू झाली, साडेदहा हजार चात्यांची. तीन वर्षांत तिथं विजेचे दिवे आले आणि रात्रपाळी त्यांच्या उजेडात चालू लागली. अशा गिरण्यांत राबायला खेड्यापाड्यांतल्या मुली. पण गिरणीला कापूस हवा, आणि तो जपानात पुरेसा नव्हता. 1893 मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले. नागपूरची एम्प्रेस मिल काढणारे तेच. ते शिबुसावांना भेटले आणि त्याच वर्षी एका जपानी कंपनीच्या जोडीनं मुंबई ते कोबे आगबोटी सुरू केल्या. कोबे म्हणजे ओसाकाच्या शेजारचं बंदर. पुढं जपान हा हिंदुस्थानच्या कापसाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक झाला.

आणि आपली शकुंतला? मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला यायची ती लहान रेल्वेगाडी, ती टाकली कशासाठी? वऱ्हाडातला कापूस मुंबईला न्यायला. तिचं इंजिन मँचेस्टरचं, गाठी आपल्या आणि मुंबईच्या बाजारातला बडा गिऱ्हाईक जपानी. 1933 मध्ये इंग्रज सरकारनं जपानी कापडावर 75 टक्के जकात लावली, तेव्हा ओसाकाच्या गिरणीवाल्यांनी आपला कापूस घेणंच बंद केलं. 1934 मध्ये तोडगा निघाला. त्यांनी वर्षाला 10 लाख गाठी उचलायच्या, मग त्यांचं 32.5 कोटी यार्ड कापड इकडं येऊ द्यायचं. पऱ्हाटीत वाकून वेचणी करणाऱ्या आपल्या आज्यांना या सौद्यात कोणी विचारलं नव्हतं, आणि रात्रपाळीच्या त्या मुलींनाही नाही. तुमच्यापैकी कोणी इतिहासात एमए करणार असेल तर विषय फुकट देतो. जिन-प्रेसच्या जुन्या वह्या अजून कोणाच्या माळ्यावर असतील, वाळवीच्या आधी पोचा.

ओसाकात सेन्बा नावाची कापडाच्या व्यापाऱ्यांची जुनी पेठ आहे. तिथं उड्डाणपुलाखाली जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा घाऊक बाजार आहे. एका म्हाताऱ्या दुकानदाराला मी मोबाईलवर नकाशा उघडून यवतमाळ दाखवलं. खुणा करून सांगितलं, तुमचा कापूस इथून यायचा. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, नकाशा नीट पाहिला, दोनदा मान हलवली आणि विचारलं, टॉवेल एक देऊ की दोन?

दोन घेतले.